सवयीचा आवाज

“आत तुमचं काही राहिलेलं नाही ना?” एवढंच त्या माणसानं विचारलं होतं, आणि तेही फोनवर लिहून. हा माणूस गाडी चालवायला शिकवायचा. तिनं जुना लॅपटॉप विकायची जाहिरात इंटरनेटवर टाकल्यापासून बऱ्याच जणांनी नुसत्याच चौकशा करून तिचं डोकं खाल्लं होतं. हा एकटाच सरळ म्हणाला, संध्याकाळी येऊन घेऊन जातो. प्रश्नाखाली त्यानं कारणही लिहिलं होतं. मागं एकदा असाच कुणाचा तरी घेतला, तर आत त्यांच्या बाळाचे फोटो निघाले. आमची बायको रोज उघडून बघत बसायची, आज बाळ काय करतंय म्हणून. शेवटी मी पुसले, तर आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. तेव्हा ताई, तुमचं तुम्हीच पुसून द्या, आमच्या हातून नको. वाचता वाचता तिला हसू आलं. ‘काही नाही, सगळं पुसलंय’ असं लिहायला घेतलं आणि ‘काही नाही’पर्यंत येऊन तिचा अंगठा थांबला. उगाचच मनात पाल चुकचुकली. सकाळच्या चहाचा कप बाजूला सारून तिनं लॅपटॉप परत जवळ ओढला.

तसं पुसायचं ते सगळं तिनं शहाण्या बाईसारखं पुसलं होतं. कमी ऐकू येणाऱ्यांना कानाची मशिनं द्यायची आणि ज्याच्या त्याच्या कानाला सोसेल असा आवाज त्यांत लावून द्यायचा, हे तिचं काम. पेशंट तिला ‘कानवाल्या बाई’ म्हणत. कुणाला काय ऐकू येत नाही हे पुष्कळदा त्याच्या घरच्यांना ठाऊक नसतं, तिला ठाऊक असायचं. गाणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या, डाव्या कानानं जवळजवळ ठार बहिऱ्या, आणि शिष्यांना पत्ता नाही. एक वकील होते, समोरच्याचं निम्मं ऐकायचे आणि उरलेलं अंदाजानं ठोकून द्यायचे. असल्या गोष्टी परक्याच्या घरी जाऊन चालणार नव्हत्या. दवाखान्यात नवा कॉम्प्युटर आला तेव्हा सगळे पेशंट तिकडं हलवले गेले. स्वतःचे फोटो तिनं पेनड्राइव्हवर काढून घेतले, बँक, मेल, जिथं जिथं म्हणून शिरलेली होती तिथून बाहेर पडली, लक्षात ठेवलेले पासवर्ड काढून टाकले. राहिली होती शेवटची पायरी, आणि ती दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवाल्यानं बजावून सांगितली होती. “मॅडम, नुसतं डिलीट करणं म्हणजे दारावरची पाटी काढणं. आतलं बिऱ्हाड तसंच असतं, ज्याला शोधायचंय त्याला सापडतं. तुम्ही पूर्ण सफाई लावा. ती सगळ्या डिस्कवर वरून शून्यं लिहीत जाते. दिवस खाते, पण मग देवालासुद्धा काही सापडायचं नाही.” लॅपटॉप जुना, डिस्कही जुन्या पद्धतीची, तेव्हा आता सकाळीच लावून द्यायला हवं होतं. त्याआधी एक नजर टाकावी म्हणून तिनं मशिनं लावायचा प्रोग्रॅम उघडला. पेशंटांची जागा मोकळी दिसायला हवी होती. तिथं एकच नाव होतं. अण्णा.

दवाखान्यातले पेशंट नोंदणीच्या क्रमांकावरून हलवले होते आणि अण्णांना क्रमांकच नव्हता. सासऱ्यांना कसला आलाय क्रमांक. त्यांचं सगळं घरच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, याच लॅपटॉपवर झालेलं. आणि आता सासरे तरी कुठले, असं तिनं स्वतःला ऐकवलं, पण ते काही तिला नीट ऐकू गेलं नाही. नवऱ्याशी मोडलं ते कागदावर मोडलं, दोघांच्या सह्या झाल्या. अण्णांपुढं कुणी कागद ठेवलाच नव्हता. पडद्यावर त्यांच्या ऐकण्याची ती आडवी रेघ होती, डावीकडून बरी निघालेली आणि मग जिना उतरावा तशी खाली गेलेली. असल्या रेघा तिनं शेकड्यांनी बघितल्या होत्या. तरी ही रेघ तिला गर्दीत पाठमोरा माणूस ओळखावा तशी ओळखता आली असती. ती बराच वेळ नुसती बघत बसली आणि त्या घरात परत जावंसं तिला फार वाटलं.

नवऱ्यानं, तेव्हा तो नवरा नव्हता, तिला पहिल्यांदा घरी नेलं तेव्हा आधीच सांगून ठेवलं होतं की वडिलांशी ओरडून बोलावं लागतं. अण्णांचा जन्म कापडाच्या गिरणीत मागांवर गेला होता. मागांच्या खडखडाटात ज्याची उमर जाते त्याचे आधी बारीक आवाज जातात: चिमण्या, फोनची घंटी, मुलं, बायका. त्या घरात मग सगळेच ओरडून बोलायचे, आणि तशी एकदा सवय लागली की साधं ‘जेवायला चला’सुद्धा भांडणासारखं ऐकू येतं. ती भिंतीलगतच्या खुर्चीत अंग चोरून बसली होती. शेजारी बसलेल्या त्याला ती हळूच म्हणाली, “पाणी मिळेल का जरा?” उठले ते अण्णा. आत गेले, पेला भरून घेऊन आले आणि तिच्यापुढं धरला. “हिचं मला ऐकू येतं,” अण्णा म्हणाले, आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. तिचा आवाज घोगरा. त्या आवाजापायी तिनं लहानपणापासून काय काय ऐकून घेतलं होतं. फोनवर लोक तिला दादा म्हणायचे. शाळेत गाण्याच्या बाईंनी तिला मागच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. मावशी म्हणायची, पोरगी गोड आहे, फक्त तोंड उघडू नये तिनं. आणि इथं एक वयस्क माणूस, थंडीत उन्हाकडं सरकावं तसा, त्याच आवाजाकडं सरकून बसला होता. लग्नाला होकार तिनं नवऱ्याला दिला हे खरं, पण त्यातला निम्मा त्या पेलाभर पाण्याला दिला होता.

मग रविवार. अण्णांच्या गळ्यात वायरी, कानात नवी मशिनं, समोर ती आणि मध्ये हा लॅपटॉप. “मी बोलते, तुम्ही सांगा,” असं म्हणून ती जे हाताला येईल ते वाचायची. विजेचं बिल, साबणाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं, मुंग्यांच्या औषधावरच्या सूचना. अण्णा डोळे मिटून ऐकायचे, जणू कुणी त्यांना गोष्ट सांगतंय. मध्येच म्हणायचे, “भांडी टोचतात.” ती बारीक आवाज थोडे खाली घ्यायची. “पेपर चुरगाळतो तसं काहीतरी होतंय.” आणखी खाली. “आता तुझं बोल.” ती बोलायची, जाड आवाजाची बाजू जराशी वर उचलायची, आणि त्यांच्या कपाळावरची आठी सैल व्हायची. “बस्स. असंच ठेव.” या कामात हात लावायला जागा फार असते, त्यामुळे हे काही एका रविवारी झालं नाही. वर्षानुवर्षं, त्यांचे कान आणखी उतरत गेले तसं, थोडं थोडं होत गेलं. नवरा आतल्या खोलीतून म्हणायचा, “माझ्याशी आठवडाभर जेवढं बोलत नाहीस तेवढं अण्णांशी एका सकाळी बोलतेस.” हसत म्हणायचा. पुढं पुढं हसणं कमी झालं, नुसतं म्हणणं राहिलं, आणि शेवटी तेही राहिलं नाही. त्यांचं दोघांचं भांडून मोडलंच नाही. बोलायचं संपलं आणि ते तसंच संपलेलं राहिलं. ती बॅगा घेऊन निघाली त्या दिवशी अण्णांनी दोन्ही मशिनं काढून सदऱ्याच्या खिशात टाकली होती. ‘येते’ म्हणाली ते त्यांना ऐकायचं नव्हतं.

नवऱ्याची आठवण यायची ती येऊन जायची. अण्णांची यायची ती मुक्काम ठोकायची. साबणाचा पुडा हातात आला की यायची. तिच्या आताच्या या दोन खोल्यांत कुणाशी बोलायचंच नसे. कधीकधी दवाखान्यातून आल्यावर ‘झालं बाई’ एवढे शब्द मोठ्यानं बोलून ती दचकायची. ज्याला आपला आवाज हवा आहे असा एक माणूस याच शहरात आहे, रोज उठून तो कानात आपणच लावलेला आवाज घालतो, एवढ्यावर तिचे दिवस निघत होते. हे तिनं कुणाला सांगितलं नसतं. स्वतःलाही आज, या एका नावापुढं बसून, पहिल्यांदाच सांगत होती.

नवख्या पेशंटांना दाखवायची मशिनांची एक जोडी तिच्या बॅगेत असायची. ती काढून तिनं अण्णांसाठी लावलेल्या आवाजाची फाईल तीत उतरवली. तिचे कान धडधाकट. अण्णांना लागतो तेवढा आवाज घेतला असता तर कानठळ्या बसल्या असत्या. म्हणून सगळा आवाज एकसारखा खाली आणला, चढउतार मात्र होते तसेच ठेवले. पुसायच्या आधी एकदाच, अण्णांकडं काय पोचत होतं ते तिला ऐकायचं होतं. स्वतःचा आवाज स्वतःच्या डोक्यात घुमतो, त्यावरून काही ठरवता येत नाही, हे तिला माहीत होतं. तेव्हा तिनं बिस्किटांच्या पुड्यावरच्या चार ओळी वाचून फोनवर रेकॉर्ड केलं, मशिनं कानात घातली आणि ते लावलं. थंड व कोरड्या जागी ठेवावे. तिला क्षणभर कळेना की हे कोण बोलतंय. भरीव, जवळचा, कडा घासून गोल केलेला आवाज. एकेक अक्षर हाताला लागावं असं. आपला आवाज इतका चांगला असू शकतो याची तिला कल्पना नव्हती. तिनं ते पुन्हा लावलं, आणि पुन्हा. थंड व कोरड्या जागी ठेवावे. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि बिस्किटांच्या पुड्यावरून आपण रडतोय याचं हसूही यायला लागलं.

मोह सुटेना म्हणून तिनं फोनमध्ये आणखी काही आवाज शोधले. सासूबाईंचा एक जुना निरोप होता, त्यांनी बोलून पाठवलेला. तो लावला. काहीच आलं नाही. म्हणजे आवाज आला. भिंतीपलीकडं कुणीतरी बोलतंय असा, नुसती चाल, शब्द एकही नाही. फोनचा आवाज वाढवला तशी ती चालच मोठी झाली. तिनं मशिनं काढली आणि निरोप पुन्हा लावला. सासूबाईंचा तो बारीक, उंच, धारदार आवाज खोलीभर स्वच्छ पसरला. “अगं, येताना ह्यांच्या मशीनचे सेल आण. आणि लवकर ये. तू आलीस की जरा घरात बोलणं होतं.”

ती मशिनं हातात धरून बसून राहिली. दवाखान्यात तिचा एक नेम होता. आवाज लावून झाला की बाहेर बाकावर बसलेल्या घरच्या माणसाला आत बोलवायचं, पेशंटसमोर बसवायचं आणि बोलायला लावायचं. ज्याचा आवाज रोज कानावर पडणार त्याच्या आवाजावर शेवटचा हात फिरवायचा. असं तिनं प्रत्येकाचं केलं होतं. अण्णांचं केलं नव्हतं, कारण घरचं माणूस म्हणून ती स्वतःच समोर बसलेली होती. सासूबाई त्या वेळी स्वयंपाकघरात असायच्या. अण्णांना टोचणारी भांडी त्यांच्या हातातली होती, आणि भांड्यांबरोबर तिनं त्यांचा आवाजही थोडा थोडा करून खाली नेऊन ठेवला होता. “माझं मेलीचं ह्यांना अजून ऐकू येत नाही बघ,” असं त्या कितीदा तरी म्हणाल्या होत्या. तिनं तज्ज्ञ माणसाच्या सुरात समजावलं होतं की आई, तुमचा सवयीचा आवाज आहे, सवयीच्या आवाजाकडं माणसाचं लक्ष जात नाही. आणि एकदा सगळे बसले असताना वर म्हणाली होती, “नवऱ्याला बायकोचं ऐकू न येणं हा काही कानाचा आजार नाही.” अण्णांसकट सगळे खदखदून हसले होते. सासूबाईही हसल्या होत्या. मग उठून आत गेल्या होत्या.

आता हे तसंच कानाआड करणं सोपं होतं. अण्णा सुखात होते. तिचा आवाज त्यांच्या कानात शाबूत होता, भले तो आता तिथं कधी पोचत नसेल. फाईल पेनड्राइव्हवर घ्यायला तर काहीच लागत नव्हतं, आणि तिनं ती घेतलीसुद्धा. मग उठून खिडकीपाशी गेली, परत आली आणि फोन लावला. तिकडून ‘हॅलो’ आलं. ती म्हणाली, “मी बोलतेय.”

“कळलं,” सासूबाई म्हणाल्या. “तुझा आवाज कळायला नाव कशाला लागतंय. बरी आहेस ना?”

“बरी आहे. अण्णा मशिनं घालतात का?”

“घालतात की. उठले की आधी मशिनं, मग चष्मा. दिवसभर घालून बसतात, कुणी यायचं असल्यासारखे. मुलगा म्हणाला दुसरीकडं दाखवू, तर हात लावू देत नाहीत. म्हणतात, बिघडवून ठेवतील.”

“तुमचं ऐकू येतं त्यांना?”

“माझं काय ऐकायचंय आता. खुणा करते. चहा म्हटलं की अशी, झोपायला चला म्हटलं की अशी. चाललंय आमचं. तूच म्हणालीस ना, सवयीचा आवाज आहे म्हणून.”

“ते खरं नव्हतं, आई.” ‘आई’ तोंडातून निघून गेलं आणि परत घेता आलं नाही. “बुधवारी त्यांना दवाखान्यात घेऊन या. आणि तुम्ही बाहेर बाकावर बसायचं नाही. आत माझ्याशेजारी बसायचं. तुम्हाला बोलायचंय.”

“मी काय बोलू बाई तिथं?”

“काहीही. जे राहिलं असेल ते.”

फोन ठेवल्यावर तिला स्वतःची खात्री वाटेना. बुधवारी काय होणार ते तिला आताच दिसत होतं. आवाज बदलला की पहिले काही दिवस जग पत्र्याचं वाटतं, आणि प्रत्येक पेशंट एकच मागणी करतो: पहिल्यासारखं करून द्या. इतरांना ती गोड बोलून नाही म्हणायची. अण्णा म्हणाले तर? अण्णांनी तिच्याकडं बघून ‘तुझं ऐकू येत नाही’ एवढं म्हटलं, तर ती दुसऱ्या क्षणी जुनी फाईल काढून लावेल, आणि त्यात अण्णांचा हट्ट किती आणि तिचा स्वतःचा किती हे कुणाला कळणारही नाही. ती फाईल कुठं उपयोगी पडेल म्हणून नव्हे, ती आहे एवढ्याच कारणानं लावली जाईल. तिनं पेनड्राइव्ह पुन्हा जोडला आणि आपल्या फोटोंमधून ती फाईल काढून टाकली. मग लॅपटॉपवर पूर्ण सफाईपर्यंत गेली. पडद्यानं विचारलं, नक्की का? परत काही मिळणार नाही. लोकांना असं विचारतात तेव्हा ते उत्तर द्यायला किती वेळ घेतात कुणास ठाऊक. तिनं बटण दाबलं. एक पट्टी डावीकडून उजवीकडं सरकायला लागली, इतकी हळू की बघितलं तर थांबलेली वाटावी. ती बाजूला बसून राहिली. आजारी माणसाजवळ बसतात तसं काही करायला नव्हतं, तरी उठवेना. आत कुठंतरी अण्णांच्या रेघेवरून शून्यं फिरत असतील, साबणाच्या पुड्यांवरून, सगळ्या रविवारांवरून.

संध्याकाळी गाडी शिकवणारा माणूस आला. लॅपटॉप उघडून, झाकून, हातावर तोलून बघितला. “कोरा आहे ना, ताई?” त्यानं विचारलं. ती म्हणाली, “कोरा आहे.” तो जिना उतरून गेल्यावर टेबलावर तेवढा एक चौकोन बिनधुळीचा राहिला होता.

बुधवारी अण्णा आले ते आधी तिच्याकडं बघतच राहिले. वाळले होते. “बोल की,” म्हणाले. तिनं हसून मान हलवली आणि त्यांच्या गळ्यात वायरी अडकवल्या. बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. सासूबाईंना समोरच्या खुर्चीत बसवलं. त्या अवघडून गेल्या. इतक्या वर्षांचा नवरा, पण त्याच्याशी मुद्दाम बसून बोलायचं म्हणजे काय हे त्यांना आठवेना. हाताची खूण करायला गेल्या, तिनं त्यांचा हात खाली धरला. मग त्या ओरडल्या, “माझा चष्मा कुठं ठेवलाय तुम्ही?” आणि अण्णांनी कपाळाला आठी घातली. ती बारीक आवाजांची बाजू एक पायरी चढवायची, जाड बाजू थोडी उतरवायची, खुणेनं म्हणायची, बोलत राहा. सासूबाई बोलत राहिल्या. आधी चष्मा, मग शेजारच्यांनी परत न दिलेली शिडी, मग अण्णांच्या बहिणीचं काहीतरी फार जुनं, आणि त्या बोलण्यात शिरल्या तसतसा त्यांचा आवाज आपोआप उतरत गेला. शेवटी तर त्या पदराशी चाळा करत स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाल्या, “दिवसभर घरात मी एकटीच असल्यासारखं वाटतं हो.”

“मग ओरडतेस कशाला?” अण्णा म्हणाले. “हळू बोललीस तरी येतंय ऐकू.”

सासूबाईंचा हात पदरावरच राहिला. तिनं मान वळवून पडद्याकडं बघितलं आणि नवा आवाज मशिनांत कायम केला. जुन्यावर नवा बसला. मग वायरी काढता काढता ती पहिल्यांदा बोलली. “कसं वाटतंय, अण्णा?”

अण्णांनी तिच्या तोंडाकडं बघितलं. कान पुढं केला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू भीती आली, अंधारात पायरी चुकावी तशी. तिला माहीत होतं, रोज कानावर पडला तर थोड्या दिवसांत तिचा हा बदललेला आवाजही त्यांना ओळखीचा होईल. पण रोज पडायला ती आता कुठं असणार होती. “हिचा आवाज कुठं गेला?” त्यांनी बायकोला विचारलं, आणि मग तिचं मनगट धरून तिलाच म्हणाले, “जुनं लाव बाई. पहिल्यासारखं कर.”

“जुनं राहिलं नाही, अण्णा,” ती म्हणाली.

त्यांना ते कळलं नाही. ते मान वळवून बायकोकडं बघायला लागले. “काय म्हणतेय ही?”

सासूबाई जराशा पुढं झुकल्या आणि आपल्या त्या बारीक आवाजात, अजिबात न ओरडता म्हणाल्या, “जुनं राहिलं नाही, म्हणते.”

“असं होय,” अण्णा म्हणाले, पण तिचं मनगट त्यांनी एवढ्यात सोडलं नाही.